रेंडरला टिकतो, मीटिंगमध्ये बंद पडतो : कामासाठी घेतलेल्या गेमिंग लॅपटॉपच्या बिघाडाचा तपास

मी इमारतींची त्रिमितीय मॉडेलं आणि त्यांची रेंडर (मॉडेलवरून तयार केलेली खऱ्यासारखी चित्रं) करून देतो. या कामाला दमदार ग्राफिक्स कार्ड लागतं, म्हणून व्यवसायासाठी गेमिंग लॅपटॉप घेतला. तीन-तीन तासांचं रेंडर लावलं तरी त्यानं कधी हूं की चूं केलं नाही. मात्र दीड वर्षानंतर दोन दुखणी सुरू झाली. ग्राहकाशी व्हिडिओ कॉल चालू असताना स्क्रीन शेअर केली, की मध्येच पडदा काळा व्हायचा आणि काही सेकंदांनी लॅपटॉप पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. दुसरं दुखणं झाकण उघडताना दिसायचं. कीबोर्डचे दिवे लागत, पंखा फिरे, पडदा मात्र काळाच. पॉवर बटण दाबून धरलं तरच सुटका. आठवड्यातून तीन-चारदा, आणि असं पाच महिने चाललं.

सर्व्हिस सेंटरला दोनदा नेला. दोन्ही वेळा त्यांनी पूर्ण ताण देणारी चाचणी लावली, मशीन तीत पास झालं आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत आलं. त्यांच्या चाचणीत खोट नव्हती. माझा बिघाड पूर्ण ताणावर होतच नव्हता, एवढंच.

हा मुद्दा मला उशिरा कळला, आणि बाकीचा सगळा तपास त्यावरच उभा आहे. गेम खेळणारा माणूस मोठा अडॅप्टर लावून बसतो. मग प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड काही तास एका लयीत पूर्ण जोर लावतात, आणि या मशीनची वीज, पंखे, ड्रायव्हर (एकेक भाग चालवणारं सॉफ्टवेअर) सगळं त्या बेतानं बसवलेलं असतं. ऑफिसचा दिवस असा नसतो. दिवसातून दहा वेळा झाकण मिटतं आणि उघडतं. डॉकची (एकाच केबलनं वीज आणि मॉनिटर जोडून देणाऱ्या डबीची) केबल निघते, लागते. बाहेरचे मॉनिटर येतात, जातात. मोठं ग्राफिक्स कार्ड झोपतं, कॉल आला की जागं होतं, पुन्हा झोपतं. माझा लॅपटॉप या सांध्यांवर अडखळत होता. तुमचाही ‘जड कामाला चालतो, हलक्या कामाला पडतो’ असा असेल, तर रॅम किंवा मदरबोर्ड बदलायच्या आधी इथून सुरुवात करा.

आधी वही

सुरुवातीला मी जे सुचेल ते बदलत गेलो. एकाच संध्याकाळी विंडोज अपडेट केलं, दोन ड्रायव्हर बदलले, एक प्रोग्रॅम काढून टाकला. चार दिवस बरे गेले आणि दुखणं परत आलं. कशानं बरं वाटलं होतं, हे सांगायला काही आधारच उरला नाही.

म्हणून पुढचे तीन आठवडे काहीही न बदलता फक्त नोंदी केल्या. तारीख आणि वेळ, त्या क्षणी काय चाललं होतं, वीज कुठून येत होती (मोठा अडॅप्टर, डॉक की नुसती बॅटरी), बाहेरचे मॉनिटर जोडलेले होते का, शेवटचा रीस्टार्ट कधी केला होता, आणि मशीन बंद होऊन आपोआप सुरू झालं, बंदच राहिलं की नुसतं गोठलं. शेवटची गोष्ट नीट लिहा. आपण तिन्हींना ‘बंद पडला’ म्हणतो, पण तिन्हींच्या वाटा वेगळ्या असतात.

तीन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. सहा वेळा झाकण उघडताना गोठणं, पाच वेळा कॉलमध्ये अचानक रीस्टार्ट. त्या पाचही वेळा लॅपटॉप फक्त डॉकच्या केबलवर होता, मोठा अडॅप्टर पिशवीत. पाच महिने ताकास तूर लागू न देणारा बिघाड वहीच्या एका पानावर उघडा पडला. तोवर मी एका दुखण्यामागे धावतोय असं समजत होतो. प्रत्यक्षात दुखणी दोन होती.

विंडोजनं काय लिहून ठेवलंय

सुरुवातीला ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ उघडा. स्टार्ट मेनूच्या शोधात ‘रिलायबिलिटी’ असं इंग्रजीत टाईप केलं की सापडतो. दिवसवार तक्ता दिसतो आणि अपडेट केल्याच्या दिवसानंतर लाल फुल्या वाढल्या का हे एका नजरेत कळतं.

मग ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘विंडोज लॉग्ज’ आणि त्यात ‘सिस्टिम’. ‘कर्नल-पॉवर’ या नावाची, ४१ क्रमांकाची नोंद शोधा. ही नोंद पाहून पुष्कळ जण पॉवर सप्लाय खराब असल्याचा निष्कर्ष काढतात. पण तिचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी विंडोज नीट बंद न होता थांबलं. खरी माहिती ‘डिटेल्स’च्या पानात आहे.

तिथे ‘बगचेक कोड’ समोर शून्य असेल, तर विंडोजला चूक नोंदवायला वेळच मिळाला नाही. वीज तुटली, मशीन पूर्ण गोठलं किंवा कुणी बटण दाबून धरलं. यातलं शेवटचं वेगळं काढता येतं. ‘पॉवर बटण टाइमस्टँप’ समोर शून्याखेरीज आकडा असेल, तर बटण दाबलं गेलं होतं. बगचेक कोडला आकडा असेल, तर ती निळ्या पडद्याची (विंडोज स्वतः नोंदवून थांबतं ती) चूक आहे, तुमच्या डोळ्यांना निळा पडदा दिसला नसला तरी. इथे एक मेख आहे. हा आकडा दशमान पद्धतीत असतो, आणि त्याबद्दलचे लेख षोडशमान पद्धतीतला कोड देतात. म्हणून १५९ शोधला तर हाती काही लागत नाही. तो असतो शून्य-एक्स-नऊ-एफ. विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये ‘प्रोग्रॅमर’ प्रकार निवडला की रूपांतर होतं. लॅपटॉपवर वारंवार भेटणारे तीन आकडे असे : १५९ म्हणजे एखादा ड्रायव्हर झोपेतून उठताना किंवा झोपायला जाताना अडकला, २७८ म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर वेळेत उत्तर देईना आणि त्याला पुन्हा उभं करणंही जमलं नाही, २९२ म्हणजे हार्डवेअरनं स्वतःच चूक कळवली.

माझ्या पाच रीस्टार्टना कोड शून्य आणि बटणाचा आकडाही शून्य. म्हणजे वीज. झाकणाच्या सहापैकी चार नोंदींत बटणाचा आकडा होता, कारण मीच ते दाबून धरलं होतं. उरलेल्या दोन वेळा मी घाईत लॅपटॉप तसाच सोडून बाहेर गेलो होतो. तेव्हा तो काही मिनिटांनी स्वतःच रीस्टार्ट झाला, आणि त्या दोन्ही नोंदींत कोड मिळाला १५९.

यातून एक सूचना : झाकण उघडल्यावर पडदा काळा दिसला, तर घाईनं बटण दाबून धरू नका. शक्य असेल तर दहा-पंधरा मिनिटं थांबा. अडकलेल्या ड्रायव्हरची मुदत संपली की विंडोज चूक नोंदवतं आणि ‘मिनीडंप’ नावाची छोटी फाइल लिहून ठेवतं. बटण दाबलं की तो पुरावा जातो. चार वेळा मी तो स्वतःच्या हातानं घालवला होता.

पहिलं दुखणं : वीज

तुमच्या मोठ्या अडॅप्टरच्या लेबलवर ‘आउटपुट’समोरचे व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार करा. माझ्याकडे २० व्होल्ट आणि १२ अँपिअर, म्हणजे २४० वॅट. आता डॉकचा आकडा पाहा. माझा डॉक लॅपटॉपला जास्तीत जास्त १०० वॅट देतो. यूएसबी-सीवरून वीज देण्याच्या मानकाची मर्यादा २०२१ साली १०० वरून २४० वॅटपर्यंत वाढली, पण डॉक, केबल आणि लॅपटॉप या तिघांनीही ती पेलली पाहिजे. एकही कडी कमी पडली की आकडा खाली येतो.

साधं टायपिंग, ब्राउझर, ईमेल याला १०० वॅट पुरून उरतात. पण कॉलमध्ये स्क्रीन शेअर करताना मॉडेल फिरवलं, की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांची मागणी एकदम उसळते. ती उसळी काही क्षणांचीच असते, पण १०० वॅटच्या वर जाते. वरचा वाटा बॅटरी देते. बॅटरी निरोगी असेल तर तुम्हाला पत्ताही लागत नाही. थकलेली असेल तर त्या क्षणी तिचा विजेचा दाब (व्होल्टेज) घसरतो आणि मशीन स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडतं.

बॅटरी किती थकली आहे हे विंडोज सांगतं. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या. एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडा. ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे नवी असतानाची क्षमता, ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आजची. माझी ९०,००० मिलिवॅट-तासांवरून ५६,७०० वर आली होती, ६३ टक्के. कारणही उघड होतं. मशीन दिवसभर प्लगला, बॅटरी कायम १०० टक्के भरलेली, आणि रेंडरच्या वेळी खालून तापणारी. लिथियम बॅटरीला पूर्ण भरलेलं राहणं आणि उष्णता या दोन गोष्टी एकत्र सोसत नाहीत.

चाचणी सोपी होती. पुढचे तीन आठवडे डॉक मॉनिटरपुरता ठेवला आणि वीज मोठ्या अडॅप्टरकडून घेतली. दोन्ही जोडले तर माझं मशीन मोठ्या अडॅप्टरला प्राधान्य देतं. कॉलमधला रीस्टार्ट एकदाही झाला नाही. सर्व्हिस सेंटरच्या चाचणीत दोष का सापडला नाही, हेही यातून उलगडलं : चाचणी अर्थातच मोठ्या अडॅप्टरवर लावली जात होती.

बॅटरीबाबत एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. टचपॅड वर आलेलं दिसत असेल, दाबायला कडक झालं असेल, किंवा लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नसेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते. मग कोणतीही चाचणी करत बसू नका. मशीन बंद करा, चार्ज करू नका आणि बॅटरी जाणकाराकडून काढून घ्या.

दुसरं दुखणं : झोप

हे जास्त चिवट निघालं. बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात, प्रोसेसरमधलं छोटं आणि वेगळं मोठं. मोठं कार्ड काम नसताना पूर्ण बंद होतं आणि गरज पडली की उठतं. झाकण मिटताना आणि उघडताना या दोघांनाही आपापल्या ड्रायव्हरसह ठरलेल्या क्रमानं झोपायचं आणि उठायचं असतं. त्यातच डॉकवर दोन मॉनिटर असतील तर त्यांचीही ओळख पुन्हा पटवावी लागते.

मिनीडंपच्या दोन्ही फाइली मायक्रोसॉफ्टच्या मोफत ‘विनडीबीजी’ या साधनात उघडल्या. दोन्हींत मोठ्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अडकलेला दिसला. एका फाइलवरून निष्कर्ष काढू नका, नाव आलेला ड्रायव्हर कधी कधी दुसऱ्याच्या चुकीत सापडलेला असतो. पण दोनदा तेच नाव आलं तर दिशा धरायला हरकत नाही.

मग एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर पाच कामाचे दिवस वाट.

पहिला बदल ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करण्याचा. हा पर्याय चालू असताना ‘शट डाउन’ केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत आणला जातो. म्हणजे रोज रात्री बंद केलेलं मशीन आतून महिनाभर बंद झालेलंच नसतं. ‘रीस्टार्ट’ मात्र खरोखर पहिल्यापासून होतं. कंट्रोल पॅनेलमधल्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये, पॉवर बटणांच्या सेटिंगखाली हा पर्याय आहे. फरक पडला, पण थोडा.

दुसरा बदल ड्रायव्हर पूर्ण काढून पुन्हा घालण्याचा. एकावर एक चढवलेले ड्रायव्हर जुने अवशेष मागे ठेवतात. ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ हे साधन सेफ मोडमध्ये (विंडोज कमीत कमी ड्रायव्हरांवर सुरू करून) चालवून दोन्ही ग्राफिक्सचे ड्रायव्हर काढले. या वेळात इंटरनेट बंद ठेवा, नाहीतर विंडोज मध्येच स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर आणून बसवतं. नंतर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीनं त्या मॉडेलसाठी दिलेले ड्रायव्हर घातले, आधी छोट्या ग्राफिक्सचा, मग मोठ्याचा. सर्वांत नवा तोच चांगला, हे गेमसाठी बऱ्याचदा खरं असेल. कामाच्या मशीनला मात्र स्थिरावलेला ड्रायव्हर हवा. ग्राफिक्स कंपनी गेमसाठी आणि व्यावसायिक सॉफ्टवेअरसाठी वेगवेगळी मालिका देत असेल, तर दुसरी निवडा.

तिसरा बदल बायोस (विंडोजच्या आधी सुरू होणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) अपडेट करण्याचा. इथे एक खबरदारी आधीच घ्या : बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बायोस अपडेटनंतर मशीन रिकव्हरी की मागू शकतं. ती ४८ अंकी की आधी कागदावर उतरवून ठेवा आणि अपडेटपुरतं बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा. की हाताशी नसेल, तर आतला सगळा कामाचा डेटा कुलूपबंद होऊन बसतो. बॅटरी पुरेशी भरलेली आणि मोठा अडॅप्टर लावलेला असल्याखेरीज बायोसला हात लावू नका.

या तिघांनंतर तीन आठवड्यांत सहाचं एकवर आलं. ते एकही मला परवडणारं नव्हतं, कारण ते ग्राहकासमोर झालं.

शेवटचा बदल झोपेचा प्रकारच बदलण्याचा. ‘पॉवरसीएफजी /ए’ ही आज्ञा दिली की मशीनला कोणत्या झोपा येतात ते कळतं. यादीत ‘स्टँडबाय’सोबत ‘एस-शून्य’ दिसलं, तर ती नवी, अर्धजागी झोप आहे. तिच्यात झाकण मिटलं तरी मशीन आतून थोडं जागं राहून ईमेल, अपडेट तपासत असतं. पिशवीतून काढलेला लॅपटॉप गरम लागतो तो बहुधा यामुळेच. मी झाकण मिटल्यावर ‘स्लीप’ऐवजी ‘हायबरनेट’ होईल असं ठरवून दिलं. हायबरनेटमध्ये रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन खरोखर बंद होतं. उठायला थोडा जास्त वेळ लागतो, पण काळा पडदा त्यानंतर दिसलेला नाही.

तुमचा लॅपटॉप दिवसभर टेबलावरच असेल तर आणखी एक वाट आहे. काही मॉडेलांत ‘हायब्रिड’ आणि ‘फक्त मोठं ग्राफिक्स’ असा पर्याय मिळतो. दुसरा निवडला की झोपा-उठायचा खेळच थांबतो, पण प्लगशिवाय बॅटरी लवकर संपते. मी फिरतीवर असतो, म्हणून हायब्रिडच ठेवला.

इतर वाटा, थोडक्यात

मशीन बंद होऊन बंदच राहत असेल आणि तेही ताणाखाली, तर उष्णता पाहा. जाळीतली धूळ काढा. ताणाखाली प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत जाणं या मशीनमध्ये नवल नाही, तो स्वतःचा वेग कमी करतो. पण साध्या कामातही तिथे पोचत असेल तर पंखा किंवा थर्मल पेस्टची तपासणी हवी. काही गेमिंग मॉडेलांत पेस्टच्या जागी द्रवरूप धातू असतो. तो वीजवाहक आहे, म्हणून मॉडेलची माहिती काढल्याशिवाय हीटसिंक (प्रोसेसरवरचा उष्णता ओढणारा धातूचा भाग) उचलू नका.

दर वेळी वेगळाच कोड येत असेल तर रॅमवर संशय घ्या आणि ‘मेमटेस्ट ८६’ रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तरी रॅम दोषी धरायची. फाइली खराब होत असतील किंवा मशीन अधूनमधून काही सेकंद थबकत असेल, तर एसएसडीची (आतल्या डिस्कची) प्रकृती तपासा, पण त्याआधी बॅकअप घ्या. कॉलमध्ये फक्त आवाज फाटत असेल, तर ‘लेटन्सीमॉन’ हे साधन कोणता ड्रायव्हर बाकीच्यांची रांग अडवतोय ते दाखवतं. दिवे, पंखे, ओव्हरक्लॉक (प्रोसेसरचा वेग वाढवणं) यांचे दोन-तीन नियंत्रक प्रोग्रॅम एकत्र चालू असतील तर एकच ठेवा. नाहीतर ते पंखा आणि वीज वेगवेगळ्या दिशांना ओढत राहतात.

तिसऱ्यांदा सर्व्हिस सेंटर

तिसऱ्या वेळी मी मशीनसोबत एक पान दिलं. त्यावर अकरा नोंदींचा तक्ता, पाच ४१-नोंदींचे तपशील, बॅटरीच्या अहवालातले दोन आकडे आणि एक ओळ : ‘मोठा अडॅप्टर न लावता, १०० वॅटच्या डॉकवर, बॅटरी निम्मी असताना चाचणी घ्यावी.’ त्याच दिवशी दोष त्यांच्यासमोर उमटला आणि बॅटरी बदलून मिळाली. वॉरंटीची कागदपत्रं मात्र नीट वाचा. ग्राहकांसाठीच्या मॉडेलांच्या वॉरंटीत व्यावसायिक वापराबद्दल अट असू शकते, आणि तंत्रज्ञ तुमच्या जागेवर येण्याची सोय बऱ्याचदा वेगळी घ्यावी लागते. मशीन चार दिवस गेलं तर काम कशावर चालणार, हे घेतानाच ठरवून ठेवायला हवं. मी आता जुना लॅपटॉप सुरू स्थितीत ठेवतो आणि चालू कामाची प्रत रोज बाहेरच्या डिस्कवर जाते.

नवी बॅटरी आल्यावर मी मुद्दाम आठवडाभर नुसत्या डॉकवर काम केलं. रीस्टार्ट झाला नाही. पण प्लग लावलेला असूनही एका लांब कॉलमध्ये बॅटरी ८० वरून ७३ टक्क्यांवर आली. म्हणजे ती अजूनही कमी पडणारे वॅट भरून काढत होती, आणि असंच चालू ठेवलं असतं तर दीड-दोन वर्षांनी पुन्हा त्याच जागी आलो असतो. चार्ज ८० टक्क्यांवर थांबेल अशी मर्यादा लावली आहे, दर महिन्याच्या एक तारखेला अहवाल काढतो, आणि एकाच केबलवर सगळं जोडण्याची सोय सोडून दिली आहे. टेबलावर आता दोन केबल असतात.